गाढवावर एक आणा

मनामा. बलदियेची कचेरी. भर उन्हाळा.
पंखा ओढणारा पोर पेंगला
की अंदाजपत्रकाचे कागद निपचित पडतात,
दचकून जागा झाला की आकडे पुन्हा उडू बघतात.
मी त्यांवर खजुराच्या बिया ठेवल्यात.

मी इसहाक परकार, मूळ मुक्काम बाणकोट,
हुद्दा कारकून, पगार पंचावन्न रुपये,
काम जे बोललं जाईल ते लिहिणं.
पण इथे बोलणं सरळ येत नाही.
कॅप्टन होलरॉइड इंग्रजीत खाकरतात,
दुभाषी त्याची उर्दू करतो, उर्दूची अरबी,
बुशेहरचे अब्दुन्नबी शेजाऱ्याला फारसीत विचारतात
की आत्ता काय ठरलं,
टिकमदास शेट बोटांच्या पेरांवर सिंधीत मोजतात,
आणि शेवटी जो गाळ तळाशी बसतो
तो माझ्या डोक्यात बाणकोटी होतो.

दिवे बासष्ट. रॉकेल महाग झालं,
म्हणून चांदण्या रात्री दिवे बंद. मंजूर.
चौकीदार सहा.
हाजी खलफ म्हणाले, सहा कशाला,
चोर चारच आहेत, चौघंही माझ्या ओळखीचे.
हशा.
(मी लिहिलं, 'साधकबाधक चर्चा झाली'.)
एजन्सीपासून धक्क्यापर्यंत मोटारीचा रस्ता.
गावात मोटार एक.
मंजूर.

बेरीज. तूट रुपये चारशे पंचावन्न.
सगळे छताकडे बघू लागले,
जणू तिथून गळणार होते.
मग कोणीतरी गाढवांचं नाव काढलं.

विहिरीवरून पाणी आणणारी गाढवं एकशे चाळीस.
दर गाढवी, दर आठवडी, आणा एक.
वर्षाचे चारशे पंचावन्न.
पै इकडे नाही, पै तिकडे नाही.
असा हिशेब जुळला की साहेबाला देव आठवतो.
मला आठवली आमच्याकडची म्हण,
अडला हरी, आणि त्याने धरलेले पाय.
दुभाष्याला दिली नाही.
अरबीत हरीचं काय केलं असतं त्याने?

तेव्हा दारात मर्ज़ूक उभा होता.
सभासदांच्या सुरईत पाणी भरायला आलेला,
खांद्यावरची पखाल ठिबकत होती.
म्हणाला, माझं परवा मेलं.

कोण?

गाढव. म्हणजे एकशे एकोणचाळीस.
आता पाणी मी पाठीवर आणतो.
ते बिल्ले वाटणार आहात ना,
एक माझ्या गळ्यात घालायचा का?

कोणी हसलं नाही. पंखासुद्धा थांबला.
तूट पुन्हा उघडली होती,
रुपये तीन, आणे चार.
कॅप्टन म्हणाले, हा विषय पत्रिकेवर नाही.
हे वाक्य मात्र
चारही भाषांत एकदम कळलं.

पुढे नवा कायदा. बाजारापासून साठ पावलांच्या आत
झावळ्यांची घरं नकोत, आगीचं भय.
घरमालकांनाच मत, आणि झावळ्यांना मालक
कायद्याने नसतो, म्हणून विरोध शून्य.
माझी खोली झावळ्यांची.
एक्कावन्न पावलं. मी मोजली आहेत,
रात्री, दिवे बंद असताना, चांदण्यात.
नोटीस मीच लिहिली, अक्षर चांगलं आहे म्हणून.
पहिली प्रत वाळवली फुंकर मारून
आणि घडी करून स्वतःच्या खिशात घातली.

मर्ज़ूकचं बोलणं इतिवृत्तात आलं नाही.
समासात लिहिलं, मोडीत, बारीक,
बाबांनी शिकवलेल्या मोडीत,
जी या बेटावर फक्त मला वाचता येते,
आणि घाईत लिहिली तर मलाही नाही.

पुढच्या बैठकीत मागचे इतिवृत्त
वाचून कायम करण्यात आले.
कॅप्टननी समासावर बोट ठेवलं. हे काय?
म्हटलं, साहेब, टाकाचं टोक तपासत होतो.

त्यांनी कागद उजेडाकडे धरला, थोडा वेळ पाहिला.
टोक चांगलं आहे, म्हणाले.